दातिवऱ्याची पाइल आणि मॅडमचे बोंबील

माझ्या प्रवासी पिशवीला अजून बोंबलाचा वास येतो. दोनदा धुतली, उन्हात टाकली, आत कापूर ठेवून पाहिला. वास हलायला तयार नाही. साताऱ्यातल्या आमच्या सोसायटीत समोरच्या काकू लिफ्टमध्ये नाक आक्रसतात आणि मी त्यांच्याकडे बघून गोड हसते. गेल्या फाल्गुनात पालघर जिल्ह्यात जाऊन आले, त्याची ही खूण. लिहायला बसेपर्यंत दसरा उजाडला, पण त्यालाही कारण आहे आणि ते शेवटी सांगेन.

केळव्याच्या समुद्रावर लोक सहलीला जातात. तिथून किनाऱ्याने खाली गेलं की दातिवरे नावाचं मासेमारांचं गाव लागतं. मी तिथे गेले ती एक काँक्रीटचा खांब थंडीने किती आखडतो ते मोजायला. मी तंत्रनिकेतनात शिकवते. जमीन आणि पाया हा माझा विषय, आणि चिडणं हा माझा स्वभाव. मला तिकडे बोलावलं विद्याने. ही माझी जुनी विद्यार्थिनी, बोईसरजवळच्या बेटेगावची, आणि आता दातिवऱ्याच्या एका बांधकामाची इंजिनियर.

"मॅडम, पावसात मासळी सुकवायची खोली बांधतोय," ती फोनवर म्हणाली, "पण खोलीचं सगळं पायावर अडलंय. तुम्ही याच."

पायावर काय अडलं होतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोटाळा नको. नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात जातात, पण पाऊस काही दसऱ्यापर्यंत हटत नाही. जाळ्यात मासळी भरपूर आणि वाळवायला ऊन नाही, अशा दिवसांत बोंबील टोपल्यांनी कुजतात. म्हणून गावातल्या बायकांच्या गटाने गरम हवेची एक बंद खोली मागितली होती. ऊब आणायची जमिनीतून. किनाऱ्याची जमीन मऊ, तेव्हा इमारतीखाली काँक्रीटचे खोल खांब घालावेच लागतात. बांधकामवाले त्यांना पाइल म्हणतात. त्या पाइलच्या पोटात नळ्या घालून पाणी फिरवलं की जमिनीची बारमाही ऊब पाण्यात उतरते, आणि एक यंत्र ती वाढवून खोलीत सोडतं.

इथपर्यंत छान. पण ऊब काढून घेतली की पाइल गार पडते, आणि गार पडली की आखडते, थंडीत आपण अंग चोरतो तशी. तिचं वरचं टोक किंचित खाली येतं, खालचं किंचित वर सरकतं, मधला कुठला तरी भाग जागचा हलत नाही. पुन्हा ऊब मिळाली की तिने अंग ताणून मूळ जागी यायला हवं. आली तर काहीच बिघडत नाही. पण दर फेरीला केसभर खालीच राहू लागली, तर काही वर्षांत भिंतींना तडे ठरलेले. यंत्र देणाऱ्या संस्थेने बजावलं होतं की एका पाइलची चाचणी करा. परत जागेवर आली तर यंत्र पाठवू, नाहीतर नळ्या बुजवून साधं गोदाम बांधा. ती चाचणी माझ्या गळ्यात पडली होती.

बोईसर

बोईसरला मी आधी उतरले ती लोखंडी तुळईसाठी. पाइल हलली हे मोजायचं तर शेजारी न हलणारं काहीतरी हवं. त्यासाठी लांब तुळई घेतात, तिचे दोन्ही पाय पाइलपासून दूर रोवतात आणि तिच्या मधोमध मापक बसवतात. मापकाची बारीक सळी पाइलच्या डोक्यावर टेकलेली असते. पाइल वर-खाली झाली की मापकावर आकडा उमटतो, आणि शेजारच्या डबीत तो आपोआप साठत जातो.

तारापूरच्या कारखान्यांच्या बाजूला गेलं की हवेला औषधांच्या दुकानासारखा वास येतो. रस्त्यावर मराठीइतकीच हिंदी कानावर पडते, आणि चहा इतका गोड की चमचा उभा राहावा. मी पहिल्या घोटालाच तोंड वाकडं केलं आणि दुसरा कप मागितला. वेल्डिंगच्या शेडचे मालक लालताप्रसाद हे पाहून हसले. त्यांनी शेजारच्या दुकानातून माझ्यासाठी खुर्ची आणवली, पंखा माझ्याकडे वळवला आणि स्वतः ठिणग्यांत घाम गाळत बसले.

तुळई तयार झाल्यावर त्यांनी तिच्यावर थाप मारली. "मैडम, इसपे हाथी बैठा दो, एक सूत नहीं झुकेगा."

मग न सांगताच तिला हिरवा रंग द्यायला घेतला. मला उशीर होत होता. मी चिडून म्हटलं, रंगाची काही गरज नाही. त्यांनी ब्रश खालीसुद्धा ठेवला नाही.

"समंदर के पास जा रही है. बिना रंग के कैसे भेजूँ?"

सासरी मुलगी पाठवावी तसं ते बोलले आणि माझा राग जागच्या जागी विरला. तुळई झाली मात्र अगदी लखलखीत, आणि ही लकाकी पुढे आम्हाला भोवणार होती.

सफाळे

टेंपोचं चाक सफाळ्याच्या अलीकडे बसलं. तुळई उतरवल्याशिवाय जॅक लागेना. तेवढ्यात कामावरून परतणारी माणसं स्टेशनाकडून आली. खांद्याला डब्याच्या पिशव्या, चेहरे दमलेले. कुणी काही विचारलं नाही. पिशव्या कठड्यावर ठेवल्या, तुळई उचलून खाली घेतली, चाक बदलेपर्यंत थांबले आणि पुन्हा वर चढवून दिली. मी आभार मानायला तोंड उघडलं तर एक जण म्हणाला, "ते जाऊ द्या, पन हे हाय काय?"

मी सांगितलं. "खांब थंडीनं आखडतो?" त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. "मंग आमचं काय चुकलं?" सगळे हसले आणि भाताच्या रिकाम्या खाचरांमधून आपापल्या वाटेने गेले. त्यांची नावंही मी विचारली नाहीत, ती चुटपुट अजून आहे.

दातिवरे

गावात शिरताना आधी वास येतो, मग वलांड्या दिसतात. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांच्यावर दोऱ्या ताणलेला मांडव. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या करतात आणि दोरीवर टांगतात. वाऱ्यावर त्या हलतात आणि सगळा किनारा चमकत राहतो. आमच्याकडे वाळवण म्हणजे गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया-पापड आणि राखणीला हातात काठी घेतलेलं कुणीतरी. इथे मांजरं राखणीला बसल्यासारखी खाली बसली होती, हेतू अर्थात वेगळा.

बायकांच्या गटाच्या प्रमुख जयवंती मावशी पायाच्या खड्ड्याशी उभ्या होत्या. उंच, सडसडीत, आवाज समुद्राच्या वर जाणारा. ती जागा त्यांचीच. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरच्या वलांड्या तिथे उभ्या राहायच्या. गटाला जागा मिळेना तेव्हा त्यांनी वलांड्या उपटून जागा खोलीसाठी दिली आणि स्वतःचे बोंबील लोकांच्या दोऱ्यांवर टांगू लागल्या.

"गोदाम नको आमाला," त्या मला पहिल्यांदा म्हणाल्या ते हेच. "गोदामात वालवाचा काय? पावसात मासली वालली पायजे. तवढ्यासाठी दिली जागा."

मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही, पाइलच्या हातात आहे.

आम्ही तुळई उभी केली. ऊन लागलं तर लोखंडही फुगतं, म्हणून वर माडाच्या झापांचं उंच छप्पर केलं, बाजू मोकळ्या ठेवल्या. बायका जमून पाहत होत्या.

"वलांडीच उभी केली की वो मॅडम," मावशी म्हणाल्या.

सगळ्या हसल्या, मीही हसले. मग मास्तरकीचा आवाज काढून बजावलं की हिला कुणाचाही धक्का लागता कामा नये. मावशींनी माना डोलावणाऱ्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "नाय लागनार."

पाइलमध्ये गार पाणी सोडलं. आकडा हळूहळू खाली गेला आणि अपेक्षेइतका जाऊन थांबला. पाइल शहाण्यासारखी आखडली होती. आता ऊब देऊन ती परत येते का पाहायचं होतं. पहाटे गरम पाणी सुरू केलं. पाइल काही चहाच्या कपासारखी लगेच तापत नाही. पंपावर लक्ष ठेवायला राखणदार होता, आकडे डबीत आपोआप साठत होते, आणि विद्याच्या आईचे फोनवर फोन येत होते. म्हणून आम्ही दोघी तिच्या घरी निघालो.

बेटेगाव

विद्याची आई म्हणजे बोलण्यातही आणि वाढण्यातही हात न आवरणारी बाई. अंगणात उकडहंडी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी भरून, पाल्याने तोंड बंद करून ते उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. मडकं फोडल्यावर जी वाफ आली, तिच्यापुढे माझा सगळा उष्णतेचा अभ्यास फिका पडला.

"खा, लाजू नको," त्या म्हणाल्या. "तू पोरीला शिकवलंस, आमी काय फक्त बगत बसाचं?"

तांदळाची भाकरी मी साताऱ्याच्या सवयीने ज्वारीच्या भाकरीसारखी कडक होईपर्यंत शेकायला गेले आणि तिचा पापड केला. त्यांनी तो पापडही कौतुकाने खाल्ला. दोन रात्री त्यांनी मला ठेवून घेतलं, आणि निघताना पिशवीत इतक्या शेंगा कोंबल्या की चेन लागेना. माझी स्वतःची आई जाऊन बरीच वर्षं झाली. कुणी असं रागावून वाढलं की मला ती आठवते, आणि ते लपवायला मी शेंगा फार झाल्या म्हणून भांडत बसले.

पुन्हा दातिवरे

संध्याकाळी पोहोचले आणि डबीतले आकडे काढले. आमच्या मागे पहिल्याच सकाळी आकड्याने एकदम वर उडी मारली होती. अशा उड्या आम्ही ओळखतो. कुत्रं धडकतं, मुलांचा चेंडू लागतो. ती उडी आम्ही हिशेबातून वगळतो. मीही वगळली. पण तिच्यापुढचे आकडे मी पुन्हा पहिल्यापासून वाचले. पाइलला गरम पाणी मिळत होतं, तिने वर यायला हवं होतं, आणि आकडा तासातासाला खाली चालला होता. म्हणजे ती जमिनीत बसत होती.

मी सगळं पुन्हा तपासलं, विद्याने तपासलं. पाणी गरम होतं, पंप चालू होता, मापक घट्ट होतं. विद्या एकटक समुद्राकडे बघत राहिली. "मावशींना कोण सांगणार?" तिने विचारलं. आता ती इंजिनियर असली तरी या प्रश्नाला मी मॅडम होते.

मावशी दारातच बसल्या होत्या. मी आडवळण घेतलं नाही. खांब ऊब देऊनही खाली जातोय, मी तसं कळवलं तर यंत्र येणार नाही, एवढं सांगितलं. त्यांनी ज्या जागेवर त्यांच्या वलांड्या असायच्या तिकडे पाहिलं. मला वाटलं आता बोल लावतील, आणि लावले असते तर ते मला सोपं गेलं असतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमी मुद्दाम तर नाय ना केलं. उद्या जेवाला या. तुमच्यासाठी जरा करून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी मला घास गिळवणार नाही याची खात्री होती. पण न जाणं शक्य नव्हतं. विद्या आणि मी पाटावर बसलो. तांदळाची भाकरी, कालवणाची वाटी, आणि भाजून कुटलेल्या सुक्या बोंबलाची लालभडक चटणी. बाजूला केळीच्या खोडाच्या सोपाने बांधलेला सुक्या बोंबलांचा मोठा जुडगा ठेवला होता. मावशींनी तो माझ्याकडे सरकवला.

"घरी न्याला. बगा कसे पांडरे हायत. उन्हात पिवले पडतात. हे सावलीत, वाऱ्यावर वालवले, खास तुमच्यासाठी."

"सावलीत कुठे?" मी सहज विचारलं.

"तुमच्याच दांडीवर."

माझा हात भाकरीवर थांबला.

"कसली साफ हाय ती! रंगवलेली, नवी कोरी. वर झाप, मांजराला चढता येत नाय. तुमी गेल्या त्याच सकाली चार दोऱ्या बांदल्या न् टांगले. काल तुमी याच्या आधी दोऱ्यांसकट काढले." मग माझा चेहरा बघून त्या घाईने म्हणाल्या, "धक्का नाय हां लावला! एकीलाबी लावू दिला नाय. हलकेच टांगले."

नाव किनाऱ्यावरून हलली तरी नावेत बसलेल्याला वाटतं किनाराच हलतोय. तसं झालं होतं. ओले बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. त्यांच्या वजनाने तुळई केसभर वाकली, तिच्यावरचं मापक तिच्याबरोबर खाली गेलं, आणि पाइल वर उडी मारल्यासारखी दिसली. ती उडी मी शहाणपणाने वगळली. मग बोंबील वाळत गेले, हलके होत गेले, तुळई सावकाश सरळ होत गेली, आणि मापकाला वाटलं की पाइलच खाली चाललीय. लालताप्रसादांचा हत्ती राहिला बाजूला. त्यांची तुळई बोंबलांनी वाकवली होती.

मी हसू लागले. हसता हसता रडू लागले, आणि चटणी तिखट असल्याचं सांगून टाकलं. मावशींना कळेना काय झालं. विद्याने त्यांना समजावलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "माज्याच बोंबलांनी माजीच खोली बुडवली असती!"

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही हे टांगले नसते तर मी काहीच चुकले नसते. आणि वाढले नसते तर मला कधी कळलं नसतं."

मला तेव्हा जे वाटलं ते सरळ लिहिते. आदल्या संध्याकाळी मी या बाईला सांगून आले होते की तुमची जागा फुकट गेली. त्यानंतरही तिने चटणी कुटली आणि जुडगा बांधला. जुडगा तसाच ठेवून जेवणाचं रद्द केलं असतं तर मी तिच्या हक्काच्या खोलीवर फुली मारून साताऱ्याला निघून गेले असते.

पण हसून भागणार नव्हतं, संस्थेला पटवायचं होतं. तेव्हा पाइलचं पाणी बंद करून तिला निवांत ठेवलं आणि मी गटाला बोलावलं. म्हटलं, मागे टांगले तेवढेच ओले बोंबील पुन्हा टांगा. त्या दिवशी जी मिरवणूक आली ती विसरणार नाही. ज्या दांडीला आदल्या आठवड्यात श्वास लागू दिला नव्हता, तिच्यावर बायका सरकारी कामासारख्या गंभीर चेहऱ्याने जोड्या टांगत होत्या आणि विद्या आकडे मोठ्याने वाचत होती. आकडा वर उडाला तसा सगळ्यांनी एकच गलका केला. मग मी प्रत्येक सकाळ-संध्याकाळ तुळईशी बसून बोंबील वाळताना पाहिले, आणि आकडा पहिल्यासारखाच उतरत गेला. माझ्या अहवालात 'भार: ओले बोंबील' असे शब्द आहेत. माझ्या आयुष्यातला तेवढा एकच अहवाल मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

खरी चाचणी मग नव्याने केली. तुळईभोवती मावशींनी जुनं जाळं बांधलं आणि आळीपाळीने एकेक बाई तिथे जाळी विणत बसली. होळी तोंडावर आली होती, घरोघरी कामं होती. तरी एकदाही ती जागा रिकामी दिसली नाही. गार पाणी सोडलं, पाइल आखडली. गरम सोडलं, आणि आकडा वर यायला लागला. गार, गरम, पुन्हा गार, पुन्हा गरम. शेवटच्या सकाळी मी मापकासमोर गेले तेव्हा मावशी माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

"आला का जागेवर?"

"आला."

त्या खाली वाकल्या आणि पाइलच्या काँक्रीटच्या डोक्यावर तळवा ठेवून तशाच थांबल्या. मग उठून म्हणाल्या, "गरम हाय वो."

निघताना मी पिशवीतून कंदी पेढ्यांचा पुडा काढला. आल्या दिवसापासून द्यायचा राहून गेला होता. तुळईही तिथेच ठेवली. परत नेऊन करणार काय? मोजमापाच्या कामाला मी ती आता विश्वासाने वापरली नसती, आणि तिला तिचं खरं काम मिळालं होतं.

सातारा

लिहायला उशीर का झाला, ते आता सांगते. संस्थेचं यंत्र येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि आकड्यांवर विश्वास ठेवायची मला आता थोडी भीती वाटते. नारळी पौर्णिमा झाली, आणि एका दुपारी मावशींचा फोन आला. पलीकडे नुसता धो धो आवाज.

"ऐकला का पाऊस?" त्या ओरडल्या. मग दार लागल्याचा आवाज आला आणि एकदम शांतता. "आता ऐका. काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"बोंबील वालतात," मावशी म्हणाल्या. "तुमची दांडी मदी लावलीय. तिच्या एका टोकाला दुसऱ्या कोनाचे टांगत नाय. ते टोक तुमचं."

परवा विद्याबरोबर त्या टोकावरचे बोंबील आले, केळीच्या सोपाने बांधलेले, पांढरेशुभ्र. मधूनमधून ऊन दाखवा, असा निरोप होता. दसऱ्याचं कोवळं ऊन आमच्या बाल्कनीत येतं. मी कपडे वाळत घालायच्या दांडीवर एकेक जोडी टांगली. समोरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. दांडी केसभर वाकली असणार. मी मोजायला गेले नाही.